आईच्या तळ्याचं पाणी

केतकीची आई वारली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीच्या मागच्या अंगणातल्या कोई माशांच्या तळ्यात राहायला आली. केतकीच्या बाळंतपणाला यायची बॅग भरून ठेवली होती, ती तेवढी आणली नाही.

नगरपालिकेचे पाठारे पाहून गेले. "मयताने राहायला हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त पाणी चांगलं ठेवा. बिघडलं तर मुक्काम हलवावा लागतो."

मग केतकीला ओजस झाला. रोज सकाळी आई हनुवटीपर्यंत वर येई. केशरी-पांढरे मासे तिच्या खांद्याशी घुटमळत. "टाळू भरलीस का त्याची?" ती विचारी.

केतकीने मात्र पाण्याचा धसकाच घेतला. बाळाच्या बाटल्या उकळून झाल्या, की तळ्यातलं पान उचल, की शेवाळ घास!

"अगं केतू, पाणी जरा मुरू दे की. लोणच्यासारखं असतं ते."

"तुला काय कळतंय? आत्ता तर आलीस तळ्यात."

"आणि तू आत्ता तर आई झालीस."

हे केतकीला लागलं. तिने तळ्याच्या फिल्टरचा स्पंज बाटल्यांबरोबरच उकळला, सगळं तळं उपसलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. पाणी आरशासारखं झालं. तळाचा खडा न् खडा दिसू लागला.

दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आईलाही धाप लागली. तिला आता श्वास कशाला लागतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"स्पंजातच पाणी राखणारे जीव होते गं," आई म्हणाली. "उकळलेस तू ते. आणि नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं."

"मी चांगलंच करायला गेले होते."

"ते दिसतंय ना."

पाठारेंनी शेजारच्या तांबटकाकूंचा हिरवागार हौद मंजूर केला. काकूंनी तो कधी घासलाच नव्हता. "पण ज्याचं पाणी, त्यालाच मयत माणसं दिसतात," पाठारे खाली बघत म्हणाले. "तुम्हाला आई आता दिसायच्या नाहीत."

मासे घमेल्यातून गेले. मागोमाग आई गेली, ओला पदर पिळत. फाटकापर्यंत दिसली.

केतकीने तळं घासणं सोडलं. पानं पडली, कडेला शेवाळ धरलं. पाणी छान मुरलं. संध्याकाळी ती ओजसला घेऊन काठावर बसे.

एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "केतू, वारा सुटलाय. टोपडं घाल त्याला."

केतकीने टोपड्याचे बंद बांधले.

"घातलं गं," ती भिंतीला म्हणाली.