पानमळ्याच्या फाटकावरचा दिवा

हंबीररावाच्या सर्व्हिस मोटारीने पानमळ्याचे रेल्वे फाटक मोडले, तेव्हा मोटारीत बावीस उतारू, चार कोंबड्या आणि एक शिवणयंत्र होते. कोणालाही लागले नाही. फाटकाच्या मात्र दोन फळ्या गेल्या आणि त्याच्यावरचा लाल दिवा उडून मोटारीच्या टपावर जाऊन बसला. तिथेही तो जळतच होता. ही गोष्ट फाटकवाल्या धुळाने पंचांना तीनतीनदा दाखवली.

"बगा, जळतोय का न्हाई? दिवा लावला नव्हता म्हनायला जागा न्हाई."

"जळत हुता रं, कोन न्हाई म्हनतंय?" हंबीरराव म्हणाला. "पर मला दिसला तवा त्यो माज्या काचंम्होरं चार बोटांवर हुता."

दोघेही खरे बोलत होते. कराडहून कुंडलला येणारा रस्ता फाटकाच्या जरा अलीकडे वळण घेतो आणि त्या वळणाच्या आतल्या अंगाला मानसिंगचा ऊस होता. दिवस त्रेचाळीस सालच्या कार्तिकातले. ऊस अकरा फूट उंच, दिवा पाच फुटांवर. ऊस संपला की दिवा पहिल्यांदा दिसे, आणि तिथून फाटक बत्तीस पावले. पेट्रोल मिळेना म्हणून हंबीररावाने मोटारीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली होती. तिच्या वजनासकट भरलेली मोटार थांबायला पन्नास पावले लागत. राहिलेली अठरा पावले मोटार फाटकातून गेली. आजवर असे घडले नव्हते, कारण सांजची मिरज पॅसेंजर निघून गेल्यावर अर्ध्या तासाने हंबीरराव फाटकाशी पोहोचत असे. त्या दिवशी मोटार चुकून वेळेवर सुटली होती.

आठ दिवसांनी नोटीस आली. चौकशीत दोष ड्रायव्हरचा ठरला तर लायसन कायमचे रद्द होणार होते. मोटार हंबीररावाची स्वतःची होती, आणि मोटार चालवण्यावाचून दुसरे काही त्याला येत नव्हते.

"लायसन गेलं तर काय करशील रं?" राहीबाईने विचारले. ती कराडला भाजी विकायला रोज याच मोटारीने जाई. ड्रायव्हरच्या मागची जागा तिची ठरलेली होती, त्यामुळे निम्मी मोटार आपणच चालवतो असा तिचा समज होता.

"कोंबड्या पाळीन हिच्यात."

"मग आत्ता काय करतुयास?"

रेल्वेचा नियम असा होता की फाटकाचा दिवा चारशे यार्डांवरून दिसला पाहिजे. रेल्वेच्या दप्तरात तो दिसतही होता. दिव्याची तपासणी दरवर्षी चैत्रात होई, आणि चैत्रात तिथे ऊस नसे. तेव्हा हंबीररावाने अर्ज केला की साहेबांनी ऊस उभा असताना येऊन स्वतः पाहावे. अर्ज मंजूर झाला. पुण्याचे हळबे साहेब पौषात येणार असे पत्र आले.

पौषात साहेबांना ताप आला. त्या दिवसांत आमच्या भागात भूमिगत मंडळींचा जोर होता. आज तारा तोडल्या, उद्या पोस्ट जाळले, अशा बातम्या पुण्याला पोहोचत, आणि साहेबांचा ताप त्या बातम्यांच्या मागोमाग चढत-उतरत असे. माघाची तारीख फाल्गुनात गेली.

इकडे मानसिंगच्या गुऱ्हाळाची पाळी आली.

"मानसिंग, गड्या, येवढा ऊस ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाला.

"का? त्येची काय जत्रा भरवायची हाय?"

"साहेब बगून जाऊ दे. माजा साक्षीदार हाय त्यो."

"साक्षीदार तुजा, आन पानी मी पाजू व्हय?"

शेवटी रस्त्याकडेच्या चार सऱ्या ठेवायचे ठरले. त्या बदल्यात मानसिंगने आणि त्याच्या घरच्यांनी कराडला फुकट जायचे. मानसिंगच्या घरी एकंदर किती माणसे आहेत, हे हंबीररावाला त्यानंतर कळले.

चार सऱ्या पडदा म्हणून पुरेशा होत्या, पण रानात तेवढाच ऊस उभा राहिल्याने तो सगळ्यांच्या नजरेत भरला. येणारा-जाणारा गाडीवान एक कांडे मोडून घेई. धुळा मूळचा जतकडचा, त्याच्या सात शेळ्या होत्या. त्या खालची पाने संपवत. पण सर्वांत जास्त नुकसान हंबीररावाच्या उतारूंनीच केले. मालगाडीसाठी फाटक लागले की मोटार तिथेच थांबे आणि सगळे पाय मोकळे करायला खाली उतरत.

"आरं, माजं लायसन खाताय तुमी," हंबीरराव कळवळून म्हणाला.

राहीबाईने तोंडातला चोथा बाजूला टाकला. "पर लय गोड हाय रं तुजं लायसन."

चैत्र उजाडला तेव्हा चार सऱ्यांत मिळून एकोणीस ऊस उरले होते, तेही वाळलेले. आणि त्याच आठवड्यात तार आली की हळबे साहेब परवा येत आहेत.

हंबीररावाने दोन गाड्या भरून उशिराचा ऊस दुसऱ्याच्या रानातून तोडून आणला. पण तोडलेला ऊस चैत्रातल्या टणक जमिनीत उभा राहीना. कुदळीने खड्डे घेतले तरी वारा आला की आडवा. तेव्हा मानसिंगनेच तोड काढली. गावातली पंचवीस माणसे सरीत उकिडवी बसवायची आणि प्रत्येकाने दहा-दहा ऊस छातीशी धरून उभे ठेवायचे.

"कितीक येळ धरायचं?" एकाने विचारले.

"साहेब जाईस्तवर. आन कुनी खायाचं न्हाई."

साहेब रेल्वेच्या ट्रॉलीवरून दुपारी तीनला आले. अंधार पडायच्या आत त्यांना परत पोहोचायचे होते, म्हणून दिव्याची तपासणी लख्ख उन्हातच करायचे ठरले. धुळाने दिवा लावायला खळखळ केली.

"आवं साहेब, रॉकेल कुपनावर मिळतंय. दिसा दिवा लावला तर राती काय लावू?"

"लाव म्हटलं ना."

धुळाने दिवा लावला. उन्हात तो जवळ उभे राहूनही पेटलेला आहे की नाही ते कळत नव्हते. खात्री करायला धुळाने त्याला बोट लावले आणि ते चोखत बसला.

साहेब हंबीररावाच्या शेजारी बसले. मोटार चारशे यार्ड मागे नेऊन पुन्हा फाटकाकडे निघाली. वळण अजून बरेच लांब होते. एवढ्यात साहेब म्हणाले, "दिसला. ठीक आहे, थांबवा."

"कुटं दिसला साहेब?"

साहेबांनी खिशातून कागद काढला. अहवाल पुण्याहून टाईप होऊन आला होता. दिवा चारशे यार्डांवरून स्पष्ट दिसतो, असे त्यात होते. फक्त सही राहिली होती.

"साहेब, मधी ऊस हाय."

"असू दे. विरळ आहे."

"आवं, जवळनं तरी बगा. एकदा बगा आन मग खुशाल सही करा."

हंबीररावाचा आवाज इतका रडवेला झाला होता की साहेबांनी मोटार उसापर्यंत नेऊ दिली आणि ते कुरकुरत खाली उतरले. छत्री उघडून ते उसाच्या कडेला गेले. वाऱ्याची झुळूकही नव्हती, पण ऊस हलत होता, आणि तोही सगळा एका दिशेने नव्हे. कुठे दहा ऊस डावीकडे, तर त्यांच्या शेजारचे दहा उजवीकडे. साहेबांनी छत्रीच्या टोकाने पाने बाजूला केली. आत दोन डोळे होते. त्यांच्या पलीकडे आणखी दोन. नजर जाईल तिथवर फेटे, मिशा आणि डोळे. सगळे गप्प.

पाहुणा समोर उभा असताना बोलायचे नाही, हे मानसिंगला बरे वाटेना. तो बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "रामराम साहेब."

साहेब उलट्या पावलांनी मोटारीपर्यंत आले. पुण्याला ज्यांच्याविषयी नुसते ऐकले होते, ती मंडळी आपली वाट पाहत उसात दबा धरून बसली आहेत, याविषयी त्यांना शंका उरली नव्हती.

"ड्रायव्हर," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दिवा दिसत नाही."

"तेच म्हनतोय मी साहेब कवापास्नं."

साहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवला. टाईप केलेले "स्पष्ट दिसतो" खोडले आणि वर "मुळीच दिसत नाही" असे लिहिले. ड्रायव्हर निर्दोष. दिवा पंचवीस फूट उंच खांबावर ताबडतोब बसवावा. सही करताना त्यांनी उसाकडे तोंड करून कागद जरा उंच धरला, म्हणजे आतल्या मंडळींनाही तो दिसावा. मग ते ट्रॉलीवर बसले. ट्रॉली ढकलणाऱ्या माणसांनी पुढे सांगितले की त्या दिवशी साहेब स्वतःही ढकलायला उतरले होते.

लायसन राहिले. हंबीररावाने पंचवीस माणसांना चहा पाजला, आणि हातातला ऊस ज्याने त्याने आपापला खाल्ला.

एरवी रेल्वेकडून साधा खिळा यायला सहा महिने लागत. पण हळबे साहेबांनी कागदावर तीन ठिकाणी "तातडीचे" लिहिल्यामुळे खांब नऊ दिवसांत आला. पहिल्या संध्याकाळी धुळा शिडीवर चढून दिवा लावून आला. हंबीरराव कराडकडून मोटार घेऊन निघाला, आणि फाटक पाऊण मैलावर असतानाच त्याने ती थांबवून उतारूंना खाली उतरवले.

"बगा. ह्येला म्हनत्यात दिवा."

"लय झ्याक दिसतोय," राहीबाई म्हणाली. "आता चल की."

दिवा सगळ्यांनाच दिसत होता. कराडकडून येणारा रूळ फाटकापूर्वी अर्धा मैल रस्त्याच्या जवळून, जवळजवळ त्याच दिशेने येतो. पाच फुटांवर होता तोवर दिवा धुळाच्या कोठडीआड राही आणि इंजिनवाल्याला दिसत नसे. पंचवीस फुटांवर कोठडी आड येत नव्हती. मिरज पॅसेंजरच्या इंजिनवाल्याने समोर उंचावर लाल दिवा पाहिला, शिट्टी दिली आणि गाडी फाटकाशी आणून उभी केली.

धुळाने हिरवा दिवा हलवून दाखवला, पण इंजिनवाल्याचे त्याने समाधान होईना. रूळ मोकळा आहे असे त्याला लेखी पाहिजे होते. मजकूर गार्डाने लिहिला, धुळाने अंगठा उठवला. यात बारा मिनिटे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लाल दिवा ओळखीचा झाला म्हणून तो ओलांडायची मुभा नियमात नव्हती.

कुंडलचे स्टेशन गावापासून लांब होते, म्हणून लोक मोटारीने येत. पानमळ्याचे फाटक मात्र गावापासून मैलभरच. चौथ्या दिवशी दोघेजण गाडीतून फाटकाशी उतरले. आठव्या दिवशी अठरा. महिन्याभरात कराडचा बाजार करून येणारे सगळे गाव सांजच्या पॅसेंजरने येऊ लागले. फाटकाशी एकाने भजी तळायला घेतली.

हंबीररावाने पुन्हा अर्ज केला. दिवा फार दिसतो, तो खाली घ्यावा. उत्तर आले की अर्जदाराची मूळ तक्रार दूर झाल्याचे दप्तरावरून दिसते. तरीही दिवा जास्त दिसत असल्यास समक्ष तपासणी करावी लागेल, आणि साहेबांना बरे वाटले की तारीख कळवण्यात येईल.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी, उतारूंची वाट पाहायची नसल्याने, हंबीरराव रिकामी मोटार घेऊन वेळेवर फाटकाशी आला. फाटक लागलेले होते. पॅसेंजर आडवी उभी होती, पलीकडे धुळा अंगठ्याला शाई लावून घेत होता. डब्यातून माणसे उतरली आणि कुंडलच्या वाटेला लागली. शेवटी राहीबाई रिकामी पाटी घेऊन उतरली. इंजिनाला वळसा घालून ती फाटकाच्या अलीकडे आली.

"हंबीरराव, येकलाच व्हय?"

"बस मावशे. गाडी गेली की सोडतो गावात. तुजी ठरल्याली जागा हाय, पायजे तर म्होरली हाय."

"नगं बाबा. ही हलायची कवा, फाटक उगडायचं कवा. तवर मी चालत घरी पोचून भाकरी थापीन." तिने जरा विचार केला. "तुला तरी हितं बसून काय करायचं हाय? चल माज्यासंगं."

हंबीररावाने भट्टीचे झाकण लावले, मोटार रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून राहीबाईची पाटी आपल्या डोक्यावर घेतली. दोघे इंजिनापुढून पलीकडे गेले.

पन्नासेक पावले गेल्यावर राहीबाई म्हणाली, "पाटी घेतलीस ते बरं केलंस. पर आदीच सांगून ठिवते, चालत नेलंस तर तिकिटाचं पैसं मी द्यायची न्हाई."