सबनीस मास्तरांचं मालुम

आमच्या इंदूरच्या रामबागेतले सबनीस मास्तर फळवाल्याकडे सफरचंद मागत नसत. ते मालुम मागत. हातगाडीपुढे छत्री टेकून उभे राहायचे आणि 'मा' चांगला लांबवून विचारायचे, "मालुम क्या भाव दिये?" फळवाला नवा असला तर बिचारा गोंधळून म्हणायचा, "क्या मालूम, मास्टरसाब?" मास्तरांना नेमकं हेच हवं असायचं. मग ते छत्री काखेत मारत आणि भर रस्त्यात त्याला लॅटिन शिकवायला लागत.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. पण कॉलेजात त्यांनी लॅटिन घेतलं होतं. का, तर थोरले भाऊ संस्कृतात पहिले आलेले, आणि भावाच्या मागे दुसरं येण्यापेक्षा एकट्याने पहिलं आलेलं बरं, असा त्यांनी हिशोब केला. त्या वर्गात ते एकटेच होते. त्या सगळ्या लॅटिनमधून पुढच्या आयुष्यात त्यांच्या जवळ मनापासून उरलं ते एक नाम. मलुम. ह्रस्व 'म' असला तर वाईट, अनिष्ट. दीर्घ 'मा' असला तर सफरचंद.

"वाईट म्हणजे किती प्रकारचं वाईट, देवधर," ते मला ओट्यावर बसवून सांगत. पाप केलं तरी मलुम आणि संकट आलं तरी मलुम. आजार मलुम, नुकसान मलुम. रोमन नाटकातला मालक गुलामाला 'मलुम देईन' म्हणाला, की त्याचा अर्थ फटके. आणि तोच गुलाम वैतागला, की वाक्याच्या मधेच नुसतं 'मलुम' म्हणून मोकळा व्हायचा, आपण 'कर्म माझं' म्हणतो तसा. मग दीर्घ 'मा'ची पाळी. नुसतं मालुम म्हणजे सफरचंद, पण इराणचं मालुम म्हणजे पीच आणि कार्थेजचं मालुम म्हणजे डाळिंब. रोमन लोकांनी एका शब्दात अर्धी बाग भागवली, याचं मास्तरांना फार कौतुक. शिवाय मालुस म्हणजे जहाजाची डोलकाठी, आणि तिची द्वितीया पुन्हा मालुमच. हा अर्थ सांगताना त्यांचा चेहरा जरा पडायचा, कारण इंदुरात समुद्र नाही.

शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "स्वर सांभाळा."

हे 'स्वर सांभाळा' त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. दूध उतू गेलं की ते 'मलुम' म्हणत. कोणी त्यांना खूश करायला तसंच म्हणायला गेला आणि 'म' जरा लांबला, की लगेच, "आपलं दूध उतू गेलं की सफरचंद?" एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी भाषणात कसलंसं लॅटिन वचन म्हटलं, तर मास्तरांनी मागच्या रांगेतून उठून ते दुरुस्त केलं. हेडमास्तर पुढचे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, चूक ऐकून गप्प बसणं हेही एक मलुमच.

त्यांच्या घरात ते आणि त्यांची मुलगी सुधा, दोघंच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुधा मुलींच्या शाळेत शिकवायची. शांत, थोडी उंच, चष्मा लावणारी. सगळ्या रामबागेत हा शब्द दोन्ही तऱ्हांनी बिनचूक म्हणणारी तीच एक. स्थळं यायची, बघून जायची, आणि पुढे काही व्हायचं नाही. बाप विक्षिप्त आहे, हे मुलगी बघायच्या आधीच पाहुण्यांच्या कानावर गेलेलं असायचं.

मग ग्वाल्हेरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी इंजिनिअर, इंदुरात कामाला होता, आणि त्याने सुधाला कुठल्याशा व्याख्यानाला पाहिलेलं होतं. दोघं एकमेकांशी बोललेलीही होती, एवढं आमच्या हिने बायकांच्या वाटेने काढून आणलं. वडील ग्वाल्हेरला हायकोर्टात मोठे वकील. तेव्हा मध्यभारताचं राज्य होतं आणि आमची कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी दप्तरं घेऊन फिरायची, त्यामुळे वकीलसाहेबांचं नाव मलाही माहीत होतं. हिने मास्तरांना बजावून ठेवलं, की पाहुण्यांपुढे लॅटिन अजिबात नको. मास्तरांनी मान डोलावली. "मी बोलणारच नाही," म्हणाले, "तुमचे देवधर बोलतील."

आणि खरंच ते बोलले नाहीत. पोहे आले, शेव आली, सुधा आली, बसली. मुलाची नजर तिच्यावरून हलेना. सगळं छान चाललं होतं. वकीलसाहेब रंगात येऊन एक खटला सांगू लागले. ते धान्यावरच्या कंट्रोलचे दिवस. गौतमपुऱ्याचा कोणी शेतकरी लेकीच्या घरी गव्हाचं पोतं घेऊन येत होता, त्याला वाटेत पकडलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "आता यात पाप काय झालं? हा गुन्हा मूळचा वाईट नाही, सरकारने मना केला म्हणून वाईट. याला आम्ही कायद्यात म्हणतो, मालम प्रोहिबिटम."

मास्तरांचा चमचा थांबला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पाणी प्यायलं. खिडकीबाहेर बघितलं. वकीलसाहेबांना तो शब्द आवडला असावा, कारण त्यांनी तो पुन्हा म्हटला, आणि मग समजावून सांगायला म्हणून आणखी एकदा. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. मी गडबडीने ग्वाल्हेरच्या थंडीचा विषय काढला, पण उशीर झाला होता.

"माफ करा," मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण आपण सफरचंद म्हणालात."

वकीलसाहेबांना कळेना. तेव्हा मास्तरांनी समजावलं. ह्रस्व 'म', दीर्घ 'मा', निषिद्ध सफरचंद, आदम आणि हव्वा. शेतकऱ्याच्या पोत्यात तर गहू होते. हे सगळं त्यांनी इतक्या अदबीने सांगितलं, की ते जास्तच लागलं. त्यातच मुलाला हसू आलं. त्याने दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलं. वकीलसाहेबांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बशी खाली ठेवली.

चार दिवसांत मध्यस्थाकडून नकार आला.

मास्तर तेव्हा आमच्याकडेच बसले होते. मी त्यांना घरी पोचवायला गेलो. सुधा ओसरीवर वह्या तपासत होती. त्यांनी तिला सांगितलं आणि उभेच राहिले. ती रागावली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "बाबा, पण तुमचं बरोबर होतं."

त्यानंतर मास्तर गल्लीत दिसेनासे झाले. शाळेत जायचे ते मागच्या बोळातून. कोणी मुद्दाम चुकीचा शब्द टाकून त्यांची फिरकी घ्यायला गेलं, तर ऐकून पुढे निघून जायचे. सुधासमोर तर त्यांची मान वर होत नसे. मी जाऊन बसायचो, तर ते माझ्याशीही हवापाण्यावर बोलायचे. चुका ऐकून गप्प बसणारे सबनीस मास्तर बघायला फार वाईट वाटायचं.

थंडी पडली, आमची कचेरी ग्वाल्हेरला निघाली. निघायच्या आदल्या दिवशी मास्तर आले. त्यांनी विचारलं, "तुम्ही ग्वाल्हेरला जाऊन राहिले ना? मी पण येतो. सुधाला शाळेचं काम आहे म्हणून सांगितलंय."

वकीलसाहेबांच्या बैठकीत आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. मग ते आले, सोबत त्यांचे दोन ज्युनिअर. मास्तर उभे राहिले. काळा कोट घालून आले होते, तो गाडीत चुरगळला होता.

ते म्हणाले, "मी पुन्हा पुस्तकं काढून पाहिली, वकीलसाहेब. माझाच घोटाळा झाला होता. दोन्हींचा उच्चार एकच. आपण म्हणालात तेच बरोबर."

मी सतरंजीकडे बघत बसलो. वकीलसाहेबांनी विचारलं, मग ते सफरचंदाचं काय. मास्तर म्हणाले, शाळकरी पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून तसं सांगतात, त्यात काही अर्थ नाही. ज्युनिअर एकमेकांकडे बघून हसले. वकीलसाहेबांचा चेहरा सैल झाला. ते वाईट माणूस नव्हते; मुलापुढे झालेली फजिती त्यांना विसरता येत नव्हती, एवढंच. पण समाधान झाल्यावरही त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "मग म्हणा बरं, कसं म्हणायचं ते. या पोरांना ऐकू दे."

मास्तरांनी चुरगळलेला कोट खाली ओढून सरळ केला. मग म्हणाले, "मालम प्रोहिबिटम."

वकीलसाहेबांनी चहा मागवला. चहा पिता पिता ओशाळून सांगितलं, की मुलगा दुसरी मुलगी बघायला तयार नाही, घरात बोलणं टाकलंय. आम्ही उठलो तेव्हा मुहूर्ताच्या गोष्टी निघाल्या होत्या.

बाहेर आल्यावर मास्तर भराभरा चालायला लागले. कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता, तिथे वाकले आणि चूळ भरली. पुन्हा भरली, पुन्हा भरली. पाणी भरायला आलेल्या बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि ते उपरणं तोंडावरून काढेचनात. मी त्यांच्या आणि त्या बायांच्या मधे पाठ करून उभा राहिलो.

"सुधाला सांगू नका," आतून आवाज आला.

वैशाखात लग्न झालं. पंगतीत वकीलसाहेब व्याह्यांच्या विनयाचं कौतुक करत होते आणि मास्तर जिलबीचं ताट घेऊन फिरत होते. दुसऱ्या दिवशी वरात ग्वाल्हेरच्या गाडीने गेली; जावयाची बदलीही तिकडेच झाली होती. सुधाने खिडकीतून हात बाहेर काढला होता. गाडी दिसेनाशी झाली तरी मास्तर प्लॅटफॉर्मवरून हलेनात. शेवटी मी त्यांना बाहेर आणून तांग्यात बसवलं आणि तांगेवाल्याला रामबाग सांगितलं.

मास्तर म्हणाले, "नको. खजराण्याकडे घे."

खजराण्याचा गणपती आमच्या घरापासून अगदी उलट्या वाटेला. तांगेवाल्याने मागे वळून विचारलं, "दर्शन करना है, मास्टरसाब?"

"दर्शन नाही," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "घरी एवढ्यात नको, देवधर."

तांगेवाल्याने लगाम वळवला.