रोटाच्या पिठाची वही

"शंभर पानं? आठ दिवसांत भरतो! गणिताचा मास्तर आहे मी. पानं मोजून भरण्यात माझा हात कोण धरणार?"

भर सभागृहात लीलाधर सर हे बोलले, चाळीस शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि सर तिथेच फसले.

झालं होतं असं, की जळगावच्या त्या प्रशिक्षणात शिल्पा मॅडमनी प्रत्येकाला एकेक कोरी वही दिली होती. तिचं नाव 'सर्जनशील वही'. रोजच्या जगण्यातल्या वस्तू तिच्यात चिकटवायच्या, सुचेल ते लिहायचं, जमेल ते काढायचं आणि पुढच्या सोमवारी वही घेऊन यायची. विकत काही आणायचं नाही. मोबाइलवरचे फोटोही चालणार नाहीत, कारण मागच्या तुकडीत एकाच वहीचे फोटो तेवीस जणांनी पाठवले होते! शेजारचे वाल्मीक सर कानाशी पुटपुटले, "सर, गणितवाल्यांचं काम नाही हे. जाऊ द्या." जळगाव ते धुळे, अख्ख्या एसटीच्या प्रवासात ते वाक्य सरांना टोचत राहिलं.

देवपूरला घरी पोचताच त्यांनी पहिल्या पानावर एसटीचं तिकीट लावलं. दुसऱ्यावर केळ्यावरचं स्टिकर. तिसऱ्यावर गोळ्यांचं रिकामं पाकीट. चौथ्यावर भरताच्या वांग्याचं देठ लावलं, तर वही मिटेना! मंगळवारी त्यांनी बायकोच्या, मेघाताईंच्या, ब्लाउजचं मापाचं कापड कापलं. बुधवारी कुकरची शिट्टी दिसेना.

"अहो, वरण शिजवायचं कशात?"

"शिट्टीचा फक्त ठसा घेतला गं. देतो!"

"आणि माझं माप?"

माप गेलं ते गेलंच. पण गंमत बघा, ज्या माणसानं वीस वर्षांत फळ्यावर त्रिकोणाखेरीज काही काढलं नव्हतं, तो आता ताटातल्या मिरचीकडेही एकटक बघायला लागला. घरातल्या आवाजांची त्यांनी यादी केली. पांझरेवरच्या पुलावरून जाताना नदीत किती रंग दिसतात ते लिहिलं. वही त्यांना आवडायला लागली होती. इतकी, की झोपतानाही ती उशाशी असायची.

अडलं ते डिंकावर. घरातली बाटली बाराव्या पानाला संपली. विकत आणायची बंदी! मग भाताची शितं लावली, तर मुंग्यांनी विसावं पान खाल्लं. शुक्रवारी दुपारी सरांना लहानपणचे पतंग आठवले. पतंग कशानं चिकटवायचो आपण? खळीनं! पिठाच्या खळीनं! मेघाताई बाजारात, आई आडवी झालेली. सर स्वयंपाकघरात शिरले. फडताळात वरच्या बाजूला, फडक्यानं तोंड बांधलेला एक डबा होता. पानामागे किती चमचे असा रीतसर हिशेब करून त्यांनी चार वाट्या पीठ काढलं, खळ शिजवली, आणि सगळं एकसारखं दिसावं म्हणून पहिल्या पानापासूनच्या साऱ्या वस्तू सोडवून पुन्हा चिकटवल्या. शनिवारी शंभरावं पान भरलं. सर त्या रात्री शांत झोपले, बिचारे.

रविवारी घरात कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी, बसली. रावेरपासून सारे भाऊबंद आले. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, गिरणी धुऊन दळून आणायचे, त्या पिठाचा रोट करायचा आणि तो भाऊबंदांनीच संपवायचा, ही या घराची रीत. परक्याला कणही द्यायचा नाही. उरलं तर अंगणात खड्डा करून पुरायचं. मेघाताईंनी फडताळातून डबा काढला, पीठ मोजलं, पुन्हा मोजलं आणि सासूला हाक मारली.

"अक्का, चार वाट्या पीठ कमी आहे."

भिकुबाई अक्का ऐंशीच्या घरातल्या, पण आवाज खणखणीत. "कमी कसं व्हयनं? एकवीस मानसंस्ना गहू मी मोजेल शेत!"

ओट्यावर बसलेल्या झुलाल नानांनी हे ऐकलं. नाना म्हणजे सरांचे रावेरचे चुलते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा नवा नातू मोजायचा राहिला होता, ते त्यांनी अजून गिळलं नव्हतं.

"म्हंजे यंदा मना घरनं कोनीच मोजं नही!"

"नाना, तसं नाही हो," मेघाताई म्हणाल्या.

"मंग चार वाट्या कोठे गयात? आमी पाच पुरुष शेत. बराबर पाच जनंसना वाटा कमी शे! चला रे, गाडी काढा!"

नानांनी टोपी घातली. त्यांची माणसं उठली. कोणी म्हणालं पीठ गिरणीवाल्यानं मारलं, कोणी म्हणालं मोठ्या घरानं मुद्दाम केलं. एका चुलतभावानं वीस वर्षांपूर्वीचा बांधाचा वाद काढला! कानबाईसमोर अक्का रडायला लागल्या. रोट न खाता भाऊबंद उठून गेले, असं या घरात कधी घडलं नव्हतं.

आणि लीलाधर सर? ते खोलीच्या दारात वही छातीशी धरून उभे होते. गप्प बसावं, तर घर फुटतं. बोलावं, तर वही जाते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हातून चांगलं झालं होतं हो!

नानांनी चप्पल पायात सरकवली, तेव्हा सरांच्या तोंडून निघालं, "पीठ मी घेतलं."

सगळे थांबले.

"खाधं?" नानांनी विचारलं.

"नाही. चिकटवलं."

वही मधे ठेवली गेली. तिच्याभोवती एकवीस पुरुष आणि तेवढ्याच बायका बसल्या.

"खरवडा आनि आमटीमा टाका," एक आवाज आला.

"मंग औषधना पाकीटबी खाशी का तू?" दुसरा म्हणाला.

सरांनी हात जोडले. "अक्का, उद्या फक्त दाखवतो. संध्याकाळी परत आणतो."

"कोनले दखाडशी?"

"मॅडमना."

"ती आपली भाऊबंद शे का?"

"नाही."

"मंग व्हयनं! खड्डामा पुरी टाक!"

पुरण्याआधी नानांनी सहज म्हणून वही उघडली. मग कोणी ती सोडेना. पान उलटलं की हसू, पान उलटलं की "अरे, हाई तं कुकरनी शिट्टी!" एका पानावर अक्कांचा हात होता. त्या झोपलेल्या असताना सरांनी पेन्सिल फिरवून काढलेला, वाकड्या करंगळीसकट. अक्कांनी त्यावर आपला हात ठेवून पाहिला. बराच वेळ ठेवला. सरांना वाटलं, आता सुटली वही!

अक्कांनी डोळे पुसले. "भलती सुंदर शे रे," त्या म्हणाल्या. "खड्डा खोल कर, कुत्रं उकरी."

पेरूच्या झाडाखाली सरांनी स्वतः खड्डा खणला. नाना रोट पोटभर जेवले. सर ताटावरून पेरूच्या झाडाकडे बघत होते.

सोमवारी सर रिकाम्या हातांनी जळगावला गेले. रस्ताभर त्यांनी क्षमा मागण्याची चार वाक्यं पाठ केली. शिल्पा मॅडम हसत आत आल्या. "वही आतून बघणार नाही हं मी! ती ज्याची त्याची, अगदी खासगी. पहिल्या पानावर फक्त सही करते."

पटापट वह्या पुढे आल्या. कोऱ्या करकरीत! वाल्मीक सरांच्या वहीचं तर प्लास्टिकही निघालं नव्हतं. मॅडमनी ते आपल्या नखानं फाडलं, सही केली आणि "छान" म्हणाल्या.

"लीलाधर सर, तुमची?"

"भरली होती, मॅडम. शंभर पानं. पण पुरावी लागली."

मॅडमनी यादीत त्यांच्या नावापुढे 'वही सादर केली नाही' असं लिहिलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "एवढं काय अवघड होतं हो, सर? नुसती आणायची तर होती!"