गुंजाळांच्या घरी आलेला अहवाल

सोमवारी संध्याकाळी गुंजाळांनी लिहिलेला बॉयलरचा अहवाल त्यांच्यामागोमाग घरी आला आणि चपला काढून सोफ्यावर बसला.

गुंजाळ काम करत त्या बिस्किटांच्या कारखान्यात हे काही नवं नव्हतं. अहवाल न वाचताच त्यावर 'पाहिले' लिहून सही ठोकायची तिथली रीत. सगळ्यांच्या सह्या होऊनही ज्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नसेल, तो अहवाल लिहिणाऱ्याकडे मुक्कामाला जायचा.

"साहेब, मी काय म्हणतोय?" अहवालाने विचारलं.

"औष्णिक अनियमिततेच्या अनुषंगाने यथोचित उपाययोजनांची निकड."

"म्हणजे?"

गुंजाळांनी टीव्ही लावला. अहवाल उठून येरझाऱ्या घालू लागला. खिडकीपाशी जाई, परत येई, पंखा बंद करी, लगेच चालू करी. गुंजाळ तसेच जेवायला बसले. अर्थ त्यांना चांगला माहीत होता, तीच तर पंचाईत. दिवाळीची ऑर्डर तोंडावर आलेली. बॉयलर थांबवा असं लिहिलं, की मॅनेजर दरेकर बढतीवर पाणी सोडायला लावणार. आता बोला.

"अहो, साधं विचारतायत ते," पोळी वाढत सुनंदाबाई म्हणाल्या. "सांगून टाका ना. मलाच धडधडायला लागलंय."

"व्हॉल्व्ह अडकतोय," गुंजाळ ताटाकडे बघत म्हणाले. "बॉयलर फुटेल. बॉयलरवरचा मुजावर दिवसभर त्याच्यापाशी उभा असतो."

"हे माझ्यात कुठाय?" अहवाल म्हणाला.

कुठंच नव्हतं. गुंजाळ उष्ट्या हाताने उठले, हात धुतला आणि पेन घेऊन बसले. खोडत गेले तसा अहवाल रोडावत गेला, पण त्याच्या येरझाऱ्या थांबेनात. दोनच वाक्यं उरली, तेव्हा कुठे तो खाली टेकला.

सकाळी तो आपणहून दरेकरांच्या केबिनमध्ये गेला. दरेकरांनी सवयीने 'पाहिले' लिहायला पेन टेकवलं आणि चुकून वाचलं: बॉयलर आत्ता बंद करा. नाहीतर मुजावर मरेल.

"असं लिहितात का, गुंजाळ?" दरेकरांनी पेन खाली ठेवलं. "मला समजलं ना हे. आता मी काय करू?"

"बंद करा," अहवाल म्हणाला.

बॉयलर बंद झाला. ऑर्डर हातची गेली, तिच्याबरोबर बढतीही गेली. मुजावर हात पुसत बाहेर आला.

"साहेब, एवढंच होतं तर कालच का नाही सांगितलं?"

गुंजाळांना उत्तर सुचलं. पण ते भलतंच लांबलचक होतं आणि अहवाल शेजारीच उभा होता, म्हणून त्यांनी ते खोडत खोडत एका शब्दावर आणलं: "घाबरलो."