पाईपावरून तुटलेली मैत्री

आमचे नाना भाजीवाल्याशीसुद्धा "वांगी कशी दिली? ओव्हर" असं बोलत. ओव्हर म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला. हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या हॅम रेडिओवर हे म्हणतात, ठीक आहे; पण नाना जेवताना बायकोलाही "मीठ कमी शे, ओव्हर" म्हणायचे. अक्का उत्तर देत नसत. मग नाना आम्हाला सांगत, "रिसेप्शन खराब शे."

नव्वदीच्या सुरुवातीला पिंप्राळ्यात त्यांच्या गच्चीवर आमचा हौशी रेडिओ क्लब भरायचा. नाना त्याचे सेक्रेटरी, चहावाले आणि वर्तमानपत्रही. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची स्कूटर नशिराबादला बंद पडली, सगळं संध्याकाळच्या आत गावभर. नानांना सांगितलं म्हणजे हवेत सोडलं, असं आम्ही म्हणायचो.

आणि मला तक्रार करायची होती ती त्यांच्याकडेच. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, शिकवणारे सर म्हणजे नानांचे बालमित्र. दोघं रोज संध्याकाळी रेडिओवर तासभर गप्पा छाटत. हे सर मोर्सची की, म्हणजे ठोके द्यायची कळ, दाबायला शिकवताना माझा हात धरून ठेवत. नको म्हटलं तरी हसत. मग एकटीला घरी बोलावू लागले. माझ्या घरी कळलं असतं तर क्लब बंद, लायसन्सची परीक्षा बंद. शिक्षा मलाच!

तरी एका संध्याकाळी नानांना गच्चीवर एकटं गाठून मी सगळं सांगितलं. एरवी मध्येच तोंड घालणाऱ्या नानांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुले काय हवं, पोरी? तेवढं सांग. ओव्हर."

"परीक्षा द्यायची आहे. आणि माझं नाव कुठे यायला नको."

"आउट," नाना म्हणाले. आउट म्हणजे बोलणं संपलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून सर क्लबात दिसले नाहीत. नाना मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "मना अँटेनाचा पाईप नेला, परत देत नाही. काढून टाकलं त्याले. ओव्हर." लोकांची हसून पुरेवाट झाली. काही सभासद चिडले, एका पाईपासाठी चांगला मास्तर घालवला म्हणून. नाना सगळं ऐकून घेत आणि दर वेळी पाईप हातभर लांब करून सांगत.

मोर्स मग त्यांनीच शिकवलं. टेबलाच्या पलीकडे, हात पाठीमागे बांधून, तोंडाने डी-डा, डी-डा करत. अतिशय वाईट शिकवलं. मी पास झाले.

पुढे धुळ्याला नोकरी लागली, स्वतःचा सेट घेतला. पहिल्याच संध्याकाळी नानांचा आवाज लागला. सरांशी गप्पा मारायची त्यांची ठरलेली जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, होती ती. नाना साद घालत, ओव्हर म्हणून थांबत. कुणी बोलत नव्हतं. ते पुन्हा साद घालत. माझ्यासाठी हा माणूस आपला मित्र गमावून बसला होता. आभार मानावेत, तर रेडिओवरचं कोणीही ऐकतं.

मी बटण दाबलं. "नाना, पाईप मिळाला का? ओव्हर."

खरखरीतून नानांचा आवाज आला.

"नाही, पोरी. नको बी शे. उद्या याच वेळी येशील ना? ओव्हर."