गिरजाबाई आणि तिचे पाय

गिरजाबाई कामाला हात लावण्याआधी स्वतःच्या पायांचा फोटो काढते. मूल गावातल्या आमच्या राइस मिलमध्ये आली, चप्पल काढली, की मोबाइल खाली वाकवते. संध्याकाळी परत तेच पाय, आता कोंड्यानं माखलेले. "फोटू नाई त काम नाई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मी मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर हजेरी टाकते. एमएस-सीआयटी पास आहे, त्यामुळं मिलमधल्या बायकांत माझा थोडा दबदबा होता. होता म्हणते, कारण गिरजाबाईच्या हातात जावयाचा जुना, काच तडकलेला मोबाइल आला आणि साऱ्याजणी डबे घेऊन तिच्याभोवती बसू लागल्या. चौथी शिकलेली बाई! माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू.

बाकीच्यांनाही तिनं नाद लावला. बारा बायका, चोवीस पाय, रोज दोनदा, सारे त्याच मोबाइलवर. एका सोमवारी फोटो राहिला म्हणून ही बाई हातातला झाडू टाकून फाटकापर्यंत गेली आणि नव्यानं आत आली. मी ते हमालांना रंगवून सांगितलं.

दिवाळीनंतर मालकांनी मजुरी वाढवली, ती फक्त पुरुषांची. बायकांनी विचारलं तर म्हणाले, पुरुष आठ ते सहा राबतात, तुम्ही नऊ ते पाच. कॉम्प्युटर बघा.

आता माझी गोष्ट. हजेरीत 'महिला' निवडलं की नऊ आणि पाच आपोआप भरलं जायचं. बायका सातला येऊन अंगण झाडत, धान पसरत, सहाला गोळा करून जात. मला दिसत होतं. मी आकडा कधी बदलला नाही.

गिरजाबाईनं मोबाइल मालकांच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक फोटोखाली वेळ होती. सातचे पाय, सहाचे पाय, महिनोन्‌महिने. मालक बोटानं सरकवत राहिले. हिच्या पायांपुढं माझं सर्टिफिकेट काय कामाचं?

एकाएकी मालक थांबले. ऑफिसातल्या टेबलाखालचे, निळ्या चपलांतले पाय. पुढं परत तेच.

"हे कोणाचे?"

"ह्या बाईचे," गिरजाबाई माझ्याकडं बघून म्हणाली. "हापिस झाडाले आत जातो तवा काडतो. आमी घरी निघतो तवाबी बसूनच रायते. तुमचा हापिसातला दुसरा बाबू दहाले येते, अन् त्याले हिच्यापेक्षा जास्त देता."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सोमवारपासून हजेरीत खरी वेळ पडू लागली आणि बायकांची मजुरी पुरुषांइतकी झाली. माझ्या पगाराचं मालक "पाहू" म्हणाले.

नंतर मी तिला विचारलं, मी तर तुमची टिंगल करायची, मग माझे फोटो कशाला काढले?

"आमी बाराजणी एकमेकीचे काडतो," ती म्हणाली. "तुमी आत एकट्या. तुमचा कोण काडन?"

हेवा अजून गेलेला नाही हो. पण आता सकाळी मी चप्पल काढून तिच्या शेजारी उभी राहते, आणि ती जरा सरकून मला जागा देते.