शमुवेलआबांचं परतीचं जहाज

मयताच्या वेळी माणसानं गप्प राहावं, हा नियम शमुवेलआबांना लागू नाही. आमच्या वस्तीतल्या थोरल्या एस्तेरबाईंना माती द्यायला आम्ही गेलो होतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि मागून खणखणीत आवाज आला, “पुढं सरका! पुढं जागा हाय, दारात गर्दी करू नका!” माणसं सवयीनं सरकली. अगदी कडेला उभा असलेला एस्तेरबाईंचा जावई सासूच्या आधी खड्ड्यात गेला असता, पण दोघांनी त्याचा शर्ट धरला म्हणून वाचला. शर्ट मात्र वाचला नाही.

आबांवर कोणी चिडलं नाही. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गेवराईपासून दिंद्रुडपर्यंतच्या रस्त्यावर गाडीत माणसं बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा म्हणे त्यांनी एकाच गाडीत अख्खं वऱ्हाड, वाजंत्री, आहेराची कपाटं आणि नवरदेवाचा घोडा बसवला. घोड्याचं मी शपथेवर सांगत नाही. पण घोड्याला खिडकी मिळाली आणि मला मिळाली नाही, असं म्हणत आजही कुरकुरणारा एक व्याही आमच्याकडं आहे.

रिटायर झाले तरी गाडी काही थांबली नाही. जेवताना चमच्यानं ताटावर एक टोला मारला की सुनेनं वाढायचं थांबायचं, दोन टोले मारले की पुन्हा चालू. कोणी दवाखान्यात निघालं तरी हे विचारणार, “सुट्टे हायेत का?”

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. चर्चचा नाही, पण माझा मांडव आणि स्पीकरचा धंदा असल्यामुळं देव कोणाचाही असो, माझ्या वायरीवाचून त्याचा आवाज लांब जात नाही. म्हणून चर्चच्या दरवर्षीच्या नाटकात मी असतोच.

हे नाटक नाताळचं, पण होतं दसऱ्याच्या आधी. बाहेरच्या माणसाला हे ऐकून चक्कर येते. कारण साधं आहे. दसरा झाला की ट्रक येतात आणि अर्धी वस्ती ऊस तोडायला साखर कारखान्यांकडं निघून जाते. खऱ्या नाताळाला चर्चमध्ये उरतात चार म्हातारी माणसं आणि एक खोकला. म्हणून आमच्याकडं येशूबाळ सप्टेंबरातच जन्माला घालायची रीत पडली. दिग्दर्शक कायम आबा. गेल्या साली तर त्यांनी येशूबाळाला बघायला आलेल्या मागी ज्ञानी लोकांना रांगेत उभं करून गव्हाणीत मागच्या दारानं घेतलं होतं आणि पुढच्या दारानं उतरवलं होतं.

यंदा मात्र वेगळंच झालं. आमचे पाळकसाहेब तरुण, नगरकडचे, शिकलेले. एका रविवारी त्यांनी गुलामांच्या व्यापारावर उपदेश केला. आफ्रिकेतून माणसं धरून आणायची, साखळदंडात जहाजात कोंबायची, अटलांटिक महासागरापलीकडं नेऊन विकायची आणि मरेपर्यंत राबवून घ्यायची. मंडळी नेहमीसारखी अर्धवट डोळे मिटून ऐकत होती. मग पाळकसाहेब म्हणाले, “राबवायचे कुठं? तर पुष्कळांना उसाच्या मळ्यात.”

एकदम सगळं चर्च जागं झालं. सुशीला, तिचा नवरा दावीद, मागं झोपलेला ट्रॅक्टरवाला राजू, सगळ्यांच्या माना वर. आबा तर उभेच राहिले.

“साहेब, ऊस? आपला असतो तोच?”

“तोच, आबा.”

“मंग यंदा हेच नाटक करू.”

पाळकसाहेब खूश झाले. त्यांना कुठं ठाऊक, आबांच्या हातात इतिहास दिला की त्याचं काय होतं ते! तालमीच्या पहिल्याच दिवशी आबांनी त्यांना प्रश्नांनी घेरलं. त्या जहाजाला स्टॉप किती? मधी ड्रायव्हर बदलायचा का? लेकुरवाळ्या बायांना राखीव जागा? पाळकसाहेबांनी सांगितलं की माणसांना उभंसुद्धा राहू देत नसत, शेजारी शेजारी आडवं बांधून ठेवत, महिना-महिना, आणि वाटेत कित्येक मरत. आबा हळूच म्हणाले, “मी लई गर्दी केली गाडीत. पण परत्येकाला उतरायचं कुठं, ते मी इच्यारलं व्हतं.”

जहाज म्हणजे राजूची ऊस वाहायची ट्रॉली. समुद्र म्हणजे माझी निळी ताडपत्री, आणि ती हलवणारा मी. भूमिका मला का मिळाली, तर आख्ख्या वस्तीत समुद्र बघितलेला मी एकटा. मुंबईला लाटेनं माझी चप्पल नेली होती, हा अनुभव आबांना पुरेसा वाटला. गुलाम व्हायला सगळे तयार, व्यापारी व्हायला कोणी तयार होईना. दावीद म्हणाला, “त्या माणसाचं तोंड घेऊन म्या उद्या मंडळीत कसा बसू?” शेवटी व्यापारी आणि जहाजाचा कप्तान आबांनी स्वतःकडं घेतले. एका हौशी पोरानं सुचवलं की तोंडाला काजळी लावू. सुशीला म्हणाली, “उन्हात एवढे हंगाम ऊस तोडला, आजून काय लावायचं राहिलंय बे?” तो विषय तिथंच संपला.

अडचण आली बाजाराच्या प्रवेशात. मालक येतो, सुशीलाला विकत घेतो, दावीद मागं राहतो, असं पाळकसाहेबांनी लिहिलं होतं. सुशीला हातातली मोळी टाकून मोकळी.

“हे काय? अर्धा कोयता कोण नेतंय?”

आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधणार. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

दावीदही पुढं आला. “म्या तोडायचं, आन बांधायचं कोण? ह्यो मालक येडा हाय का काय?”

“वेडा नव्हता,” पाळकसाहेब म्हणाले. “त्याला फिकीर नव्हती. नवरा एकीकडं, बायको एकीकडं, लेकरू तिसरीकडं. असंच विकत.”

सुशीलानं शेजारी उभी असलेली आपली पोरगी उचलून कडेवर घेतली. चांगली मोठी पोरगी, पाय आईच्या गुडघ्याच्या खाली लोंबत होते. “ठेवा मंग तसंच,” ती म्हणाली. “पण तवा मी लिवलेलं बोलणार न्हाई. मला येईल ते वरडणार.”

इथवर आबा पाळकसाहेबांच्या बाजूनं होते. खरं ते दाखवायचं, म्हणत होते. बिनसलं शेवटावर. गुलामगिरी संपते, सगळे हात वर करून गाणं म्हणतात, समाप्त. दावीदनं सहज विचारलं, “सुटले. मंग घरी कवा आले?”

“बहुतेक आलेच नाहीत,” पाळकसाहेब म्हणाले. “तिथंच राहिले. कित्येकजण त्याच मळ्यांत मजुरीवर ऊस तोडत राहिले.”

“मंजी आपल्यावाणीच की,” दावीद म्हणाला, आणि सगळे हसले.

“आपण निदान गुढीपाडव्याला येतो,” सुशीला म्हणाली.

आबा हसले नाहीत. त्यांनी डब्यावर चमच्याचा एक टोला मारला. तालीम थांबली.

“साहेब, परतीचं जहाज पाहिजे.”

“आबा, तसं झालं नाही.”

“जाणारी गाडी हाय आन येणारी न्हाई, असला रूट मी उभ्या जल्मात बघितला न्हाई. डेपोत असला कागद कोणी मंजूर करत न्हाई.”

“हा इतिहास आहे, आबा. एसटीचं वेळापत्रक नाही.”

“मंग इतिहास चुकलाय.”

झालं! त्या दिवसापासून दिग्दर्शक संपावर. घरात बसून ताटावर टोले मारायचे, पण चर्चकडं फिरकायचे नाहीत. इकडं मुकादमाचा निरोप आला होता, ट्रक लवकरच येणार. नाटक व्हायचं तर त्याआधीच, नाहीतर तोडायला गेलेल्या माणसांना पाडव्यापर्यंत शोधत बसा. गुलाम येऊन माझ्या मांडवात चहा पिऊन जात. जहाज माणसांविना उभं. समुद्राची ताडपत्री उंदीर खात होते.

मला राहवेना. मी आबांकडं गेलो.

“आबा, कावून एवढा हट्ट धरलाय? शेवटच्या चार वाक्यांचा तर प्रश्न. पाळकसाहेब पुस्तकं वाचलेला माणूस आहे.”

“तू समुद्र हायेस ना?” आबा म्हणाले. “मंग समुद्रानं बोलायचं न्हाई. हालायचं.”

अखेर पाळकसाहेबच त्यांच्या घरी गेले. समेट असा ठरला की परतीचं जहाज नाही, पण पडदा पडण्याआधी पाळकसाहेब स्वतः पुढं येऊन, ते परत आले नाहीत, असं दुःखानं सांगतील. आबा म्हणाले, “बरं.” मी तिथंच होतो. मला घाम फुटला. कारण आबांच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द वस्तीत आजवर कोणी ऐकला नव्हता.

नाटक झालं ते चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत, दिवस मावळताना. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आली, शेळ्या घेऊन घरी निघालेले धनगर थांबले, शेळ्याही थांबल्या. बाजाराच्या प्रवेशात सुशीला ठरल्याप्रमाणं स्वतःचंच ओरडली. काय ओरडली ते मी सांगू शकत नाही. मागं बसलेल्या बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली, आणि व्यापाऱ्याचा कोट घातलेले आबा आपलं पुढचं वाक्य विसरले.

मग सुटका झाली, गाणं झालं, पाळकसाहेब पुढं आले. “बंधुभगिनींनो, हे लोक आपल्या घरी परत आले नाहीत…”

“थांबा, साहेब,” आबा म्हणाले. त्यांनी कप्तानाची टोपी आणि कोट काढून जमिनीवर ठेवले. आत त्यांचा जुना खाकी शर्ट होता. “गाडी यायचीय.”

राजूनं ट्रॅक्टर चालू केला. मगाशी गुलाम झालेलीच माणसं गपचूप ट्रॉलीत चढून बसली होती; मी आणि पाळकसाहेब सोडून सगळ्यांना सांगितलेलं होतं म्हणे. पाळकसाहेब माझ्याकडं बघू लागले. समुद्रानं काय सांगावं? मी हलत राहिलो. ट्रॉली लोकांपुढं येऊन उभी राहिली. आबांनी मागची फळी पाडली आणि एकेकाला हात देऊन उतरवायला लागले. “दावीद, उतर, सावकाश. सुशीला, पोरगी आधी दे खाली. पाय बघून. आलं तुमचं गाव.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. एक धनगर तर रडत रडत शेळीलाच मिठी मारून बसला.

सगळे उतरले. टाळ्या थांबल्या. आबांचा हात तसाच वर.

“आक्का,” ते आत बघून म्हणाले. “रूथआक्का, उतर.”

ताडपत्रीच्या कडेलाच आमच्या वस्तीतली, आबांहूनही थोरली सालोमेआजी बसली होती. मी वाकून विचारलं, “आजी, रूथ कोण?”

“त्याची थोरली बहीण,” ती कुजबुजली. “लहानपणी आईबापासंगं कारखान्यावर गेलती. ह्यो बारका, म्हणून माझ्या आईपाशी ठेवला व्हता. तिकडं तिला ताप आला. फडाच्या कडंलाच पुरली. ट्रक परत आला तवा ह्यो फळीपाशी असाच उभा व्हता. मी व्हते ना तिथं.”

पाळकसाहेबांनीही ते ऐकलं असावं. हातातला कागद त्यांनी खिशात ठेवला.

राजूला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मागं वळून हाक मारली, “आबा, रिकामी झाली की. नेऊ का?”

“दम धर की बे,” आबा म्हणाले. हात अजून वरच होता. “म्हातारी झाली आसंल ती आता. उतरायला येळ लागतो.”

राजूनं इंजिन बंद केलं.